वरच्या बांधीचं पाणी

रंभा चिखल्याहून कायमची परत आली ती जेठात. भावाच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत एक लोखंडी पलंग, दोन पेट्या आणि शिलाई मशीन. नवरा तेजराम मँगनीजच्या खाणीत खाली उतरायचा. रिटायर व्हायला थोडंच राहिलं असताना छातीच्या दुखण्यानं गेला, आणि कॉलनीतलं क्वार्टर सोडावं लागलं. मुलगी गुंजन तुमसरला नांदत होती. तिनं बोलावलं होतं, पण जावयाच्या घरात पंगतीला बसल्यासारखं राहणं रंभेला नको वाटलं. भाऊ देवाजीनं माहेरच्या, एकोडीतल्या घराची मागची खोली दिली. वावरातला तिचा हिस्साही दिला. दिला, पण सगळ्यात खालचा. तलावाचं पाणी सगळ्यांच्या मागून जिथं पोचतं त्या दोन बांध्या, बांध घातलेले धानाचे तुकडे.

त्या बांध्यांच्या वरच्या अंगाला जागेश्वरचं वावर होतं. पाटाचं पाणी आधी त्याच्या बांधीत उतरायचं. ती भरली की दोन वावरांमधल्या बांधाला, धुऱ्याला, फोडलेल्या तोंडातून खाली जायचं. रंभेच्या धानाला पाणी मिळायचं ते जागेश्वरच्या हातून.

ती आल्याचं जागेश्वरला बायकोनं, सत्यभामेनं सांगितलं. तुमच्या शाळेतली ती रंभा आली म्हणे, एवढंच. तो टोपलीच्या कडा शिवत होता. त्यानं मान वर केली नाही.

रंभेचं आणि जागेश्वरचं घर एकाच बोळात होतं. जागेश्वरची आई तो लहान असतानाच गेली. रंभेची आई भात शिजला की त्याला हाक मारायची, आणि रंभा आपल्याच ताटातलं अर्धं त्याच्याकडं सरकवायची. दोघं मिळून ढोरं राखायची. तलावाच्या पारीवर, मातीच्या बांधावर, बसून पाढे म्हणायची. पाणी उतरलं की टोपलं घेऊन चिखलातल्या मासोळ्या धरायची. साकोलीच्या शाळेत जाताना ती पुढं आणि तो मागं, कारण तिचं चालणं त्याच्यापेक्षा जोरात होतं. त्यात दुसरं काही नव्हतं. नव्हतं म्हणजे खरंच नव्हतं. पण ती नववीत असताना कोणीतरी तिच्या बापाला काहीतरी बोललं, तिची शाळा बंद झाली, आणि पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न लागलं. त्या लग्नात जागेश्वरनं पंगतीत पाणी वाढलं. तिच्या समोरून जाताना घागर जड झाल्यासारखी त्यानं मान खाली घातली.

ती मान मग खालीच राहिली. दिवाळीला ती माहेरी यायची तेव्हा तो बोळातून जाणं टाळायचा. तिचा पहिला मुलगा तापात गेला तेव्हा गावातली माणसं चिखल्याला जाऊन आली, हा गेला नाही. तेजराम गेला तेव्हा सत्यभामा म्हणाली होती, जाऊन या, लहानपणाची ओळख आहे. बैलाचा पाय दुखतो म्हणून तो घरी राहिला.

रोवण्याच्या दिवसांत देवाजीनं आधी आपली सगळी वावरं चिखलून घेतली. रंभेच्या बांध्या राहिल्या. पऱ्हे, धानाची रोपं, तर मोठे झाले होते, आणखी उशीर झाला असता तर रोवून उपयोग नव्हता. ती रोज सकाळी धुऱ्यावर येऊन उभी राहायची आणि परत जायची. जागेश्वर वरच्या बांधीतून पाहायचा. एका सकाळी त्यानं आपलं काम अर्धवट टाकलं, बैल धुऱ्यावरून उतरवले आणि तिच्या बांधीत घातले. ती चिखलातून चालत आली. केस पिकले होते, पाठ थोडी वाकली होती, पण चालणं तसंच जोरातलं.

"ओळखलं का नाही गा जागेश्वर?" तिनं विचारलं.

"ओळखलं," तो म्हणाला.

"मले वाटलं, डोळे गेले तुये."

तो हसला. आपल्या हसण्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. दुपारी धुऱ्यावर बसून दोघांनी भाकर खाल्ली. तिनं लाल मिरचीचा ठेचा आणला होता. न विचारता त्याच्या भाकरीवर घातला.

त्या दिवसापासून बोलणं सुरू झालं. आधी धानाचं, बैलांचं. मग हळूहळू मागचं. तलावात बुडता बुडता वाचलेली देवाजीची म्हैस, पोरांना छड्या मारून स्वतःच रडणारे मास्तर, मोह वेचताना भेटलेलं अस्वल. ज्या गोष्टी आठवणारं आता दुसरं कोणी उरलं नव्हतं. रंभा चिखल्याचं सांगायची. वाळत घातलेल्या लुगड्यावर काळसर धूळ बसायची. भोंगा वाजला की सगळ्या बायका दारात यायच्या. तेजराम घरी आला की आधी कान धुवायचा. तो चांगला माणूस होता, ती म्हणायची, पण गप्प. खाली अंधारात राहून बोलायची सवय गेली त्याची. तिला बोलायला कोणी नव्हतं, आणि तिनं हे असं सांगितलं की जणू पाऊस कमी पडला.

जागेश्वरला तेव्हा आपल्या बैलाच्या पायाची आठवण झाली. तो बांधीत उतरून गवत उपटायला लागला.

घरी सत्यभामेला बदल दिसला. जेवताना हा माणूस बोलायला लागला होता. आमटीत मीठ कमी आहे हे सांगण्यापुरता नव्हे, दिवसभरात काय पाहिलं ते. एकदा तर त्यानं अस्वलाची गोष्ट अख्खी सांगितली, अस्वल कसं उभं राहिलं ते उठून दाखवलं. मुलगा मंगेश तुमसरच्या राईस मिलमध्ये कामाला होता, सुटीला घरी आलेला. तो बापाकडं पाहतच राहिला. दुसऱ्या दिवशी सत्यभामेनं डब्यात वांग्याची भाजी जास्त घातली आणि रंभाबाईलाही द्या म्हणाली.

पोळ्यानंतर पाऊस गेला तो आलाच नाही. आकाश धुतल्यासारखं निळं, आणि खाली धान निसवायला आलेलं. लोंबी पोटातून बाहेर पडते त्याच दिवसांत पाणी तुटलं तर दाणा भरत नाही, नुसता कोंडा राहतो. बांध्यांतला चिखल आधी घट्ट झाला, मग त्याला भेगा पडल्या. गावानं बैठक घेऊन तलावाचं तुडूम, पाणी सोडायची मोरी, उघडायचं ठरवलं. पाणी कमी होतं. वरच्यांनी आपापल्या पाळीत बांध्या भरायच्या आणि मग खाली सोडायचं, असं ठरलं. पाणी उरलंच नाही तर खालच्यांचं काय, हे कोणी विचारलं नाही. खालचे थोडेच होते.

जागेश्वरची पाळी आली तेव्हा त्यानं आपली बांधी घोट्याइतकी भरली आणि लगेच धुऱ्याचं तोंड फोडलं. त्याचं पलीकडचं वावर अजून कोरडं होतं. लोकांनी ते पाहिलं. रंभा खालच्या अंगाला फावडं घेऊन उभी होती, पाणी भेगांत शिरताना आवाज होत होता, आणि ती वाकून त्या आवाजाकडं कान देत होती. दोघं धुऱ्यावर बसून पाणी पसरताना पाहत राहिली. ती म्हणाली, लहानपणी आपण असंच बसायचो. तो हव म्हणाला. त्याला बरं वाटत होतं, आणि बरं वाटण्यात काही वाईट आहे असं त्याच्या मनात आलं नाही.

संध्याकाळी पानठेल्यावर तो तंबाखू घ्यायला थांबला. बाकावर चारपाच जण होते. एक जण दुसऱ्याकडं पाहून म्हणाला, "पानी खालच्या अंगालेच पळते, बापा. त्याले कोण अडवते." बाकीचे हसले. मोठ्यानं नाही. जागेश्वरनं तंबाखूची पुडी खिशात घातली आणि सुटे न घेताच निघाला. घरापर्यंत कानामागं ते हसू येत राहिलं. बायको विचारील म्हणून तो आधी गोठ्यात गेला, बैलांच्या पाठी चोळल्या, आणि अंधार पडायला लागल्यावर घरात शिरला.

त्याच दिवसांत मंगेशच्या लग्नाचं जमत आलं होतं, आणि तो त्यासाठी घरी आला होता. लाखनीकडची मुलगी, घर चांगलं. मधला माणूस यादोराव, जागेश्वरचा लांबचा चुलतभाऊ. तो चहाला आला आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मंगेशच्या देखत म्हणाला की मुलीकडचे विचारून राहिले होते, घरात काही भानगड तर नाही. काय भानगड, ते त्यानं सांगितलं नाही. बशीतला चहा फुंकत राहिला. सत्यभामा आत पोहे परतत होती.

यादोराव गेल्यावर मंगेश ओसरीवर बापाजवळ येऊन बसला. तो भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं.

"बाबा, लोक हासून राहिले," तो म्हणाला. "मले मिलमदे फोन आलता. मी काय सांगू त्याइले?"

जागेश्वरला पुष्कळ सांगता आलं असतं. एका ताटातला भात सांगता आला असता. पण त्यानं पोराच्या तोंडाकडं पाहिलं. पन्नाशी ओलांडलेला माणूस पोराला काय सांगणार, की ती माझी मैतरीण आहे. हा शब्द त्याच्या घरात कधी कोणी बाईसाठी वापरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच तो वावरात गेला. धुऱ्याच्या तोंडातून पाणी खाली वाहत होतं, रंभेच्या दुसऱ्या बांधीत अजून पोचायचं होतं. त्यानं फावड्यानं चिखल ओढला आणि तोंड बुजवलं. वरून पायानं दाबलं. मग आपल्या पलीकडच्या वावराकडं पाणी वळवलं आणि पाठ करून तिथं काम काढलं.

रंभा आली तेव्हा तिच्यासोबत निंदायला दोन बायका होत्या. ती बुजलेल्या तोंडाजवळ थांबली, ओल्या चिखलातला पायाचा ठसा हातानं चाचपून पाहिला, मग वर आली.

"पानी बंद झालं का?"

"पाळी सरली," तो म्हणाला. तिच्याकडं न पाहता.

पाळी सरली नव्हती, पलीकडं पाणी वाहत होतं, ते तिलाही दिसत होतं आणि त्या दोन बायकांनाही. एकीनं पदर तोंडाला लावला. रंभेनं चिखलानं भरलेले हात लुगड्याला पुसले, जे ती कधी करत नसे. मग बायकांना म्हणाली, चला वं, आपण खालचं गवत काढू. आणि धुऱ्यावरून उतरून गेली. हळू चालत गेली.

तीन-चार दिवस सत्यभामेला काही कळलं नाही. मग ती ढोरांना गवत कापायला तिकडं गेली आणि तिनं रंभेची दुसरी बांधी पाहिली. भेगांत पाय शिरत होता, आणि लोंब्या पांढऱ्या पडायला लागल्या होत्या. तिनं वर येऊन धुऱ्याचं बुजवलेलं तोंड पाहिलं. घरी आल्यावर तिनं गवताचा भारा खाली टाकला. जेवायला वाढताना बोलली.

"पानी कोणासाठी बंद केलं?"

त्यानं यादोरावचं सांगितलं, मंगेशचं सांगितलं. आणि मग म्हणाला की तुलाही वाईट वाटत असेल.

"मायं नाव नका घेऊ यात," सत्यभामा म्हणाली. ती हातात पळी धरून तशीच उभी होती. "मले कोणं इचारलं? तुमी तिच्यासंग बोलून आले का घरात दोन गोष्टी जास्त बोलत होते. इतकी वर्षं मी भिंतीसंग बोलल्यासारखी बोलली. मले बरं वाटून राहिलं होतं."

त्याच्या हातातला घास हातातच राहिला. ही बाई इतकी वर्षं समोर वाढत होती, आणि तिला काय वाटतं हे आपण तिच्या तोंडून ऐकण्याआधीच ठरवून टाकलं, हे त्याला त्या घासाशी बसून कळलं.

पहाटे तो फावडं घेऊन गेला आणि धुऱ्याचं तोंड पुन्हा फोडलं. त्याच्या बांधीत जे घोट्याइतकं होतं ते आता बोटभर उरलं होतं. थोडा गढूळ ओघ खाली गेला आणि पहिल्याच भेगेत जिरला. तो पारीपर्यंत चालत गेला. तलावाचं तुडूम आदल्या दिवशी बंद केलेलं होतं. आत ढोरांपुरतं पाणी राखून ठेवलं होतं, आणि चिखलावर बगळे उतरले होते. पाणी वाटायला नेमलेल्या माणसाला त्यानं विचारलं. तो म्हणाला, आता कसचं पाणी, तुमची पाळी तर तुम्ही घेतली ना.

कापणीला रंभेची वरची बांधी बरी निघाली. खालची नुसती उभी होती. लोंब्या ताठ, कारण त्यांत वजन नव्हतं. भरलेलं धान मान खाली घालतं, हे तसंच आकाशाकडं पाहत होतं. मजूर मिळेनात, सगळ्या गावाची कापणी एकदम आली होती. सत्यभामेनं आपली कापणी अर्धी राहिलेली असताना इळा घेतला आणि रंभेच्या बांधीत जाऊन कापायला बसली. कोणाला विचारलं नाही, नवऱ्यालाही नाही. दोघी शेजारी शेजारी सरकत होत्या, आणि त्यांचं बोलणं वर जागेश्वरच्या बांधीत अर्धवट ऐकू येत होतं. जागेश्वरनं दुपारपर्यंत आपलं धान कापलं. मग तो खाली उतरला आणि कापून टाकलेल्या धानाच्या कडपा गोळा करून भारे बांधायला लागला. पोकळ धानाचे भारे उचलताना हात वर उडत होते.

सत्यभामा पाणी आणायला गेली तेव्हा दोघंच उरली.

"रंभा, मायं चुकलं," तो म्हणाला.

"हव," ती म्हणाली. तिनं इळा थांबवला नाही. थोडं अंतर कापून झाल्यावर ती बोलली. "पान्याचा राग नाही मले. पानी कोणाचंबी तुटते. तू येऊन सांगतलं असतं का रंभा, पोराचं लगन आहे, तोवर बोलू नको, तं मी नसती बोलली. तुया दारावरून खाली मान घालून गेली असती. पण तू सांगतलंच नाही. तवाबी नाही, आताबी नाही. मी तिकडं कॉलनीत वाटच पाहात होती, का जागेश्वर येईन आन सांगन, काहून बोलत नाही ते."

त्यानं भाऱ्याला दोरी आवळली, सोडली, पुन्हा आवळली.

"आता म्हातारे झालो, म्हणलं. आता कोणाले काय पडली आहे आपली," ती म्हणाली आणि जरा हसली. "मीच बह्याड, येडी."

"चिखल्याले यायला पायजे होतं मी," तो म्हणाला. "पोरगा गेला तवा."

"हव. यायला पायजे होतं."

सत्यभामा पाणी घेऊन आली. तिनं आधी रंभेला दिलं, मग त्याला. तिघांनी मिळून उन्हं कलेपर्यंत बांधी संपवली.

दिवाळीनंतर रंभा तुमसरला मुलीकडं गेली. गुंजनचे दिवस भरत आले होते, आणि इथं राहून खाण्यापुरतंही धान झालं नव्हतं. बांध्या देवाजीनं परत आपल्याकडं घेतल्या. निघायच्या दिवशी ती सत्यभामेला भेटायला आली, चुलीजवळ बराच वेळ बसली, शिलाई मशीन तिच्याकडं ठेवून गेली. जागेश्वर ओसरीवर होता. जाते, ती म्हणाली. तो उठून उभा राहिला आणि बोळाच्या तोंडापर्यंत मागोमाग गेला. लोक पाहत होते. आता त्यांनी पाहिलं तरी त्याला चालणार होतं. पण रंभेनंच हात करून त्याला थांबवलं, आणि देवाजीच्या गाडीवर मागं बसली.

मंगेशचं लग्न माघात लागलं. रंभेला बोलावलं होतं, ती आली नाही. गुंजन बाळंत झाली आहे, तिला सोडून येता येत नाही असा निरोप आला, आणि तो खराही होता. मांडवात जेवणं उरकल्यावर सत्यभामेनं नवरीच्या आईला, आनंदाबाईला, सरळच विचारलं, की आमच्या घराबद्दल तुमच्या कानावर काय आलं होतं. आनंदाबाई गोंधळली. तिनं नवऱ्याला बोलावून विचारलं. त्यांना कोणी काही बोललं नव्हतं, आणि त्यांनीही कोणाला काही विचारलं नव्हतं. यादोराव पलीकडं अक्षता पडलेल्या सतरंजीवर पान लावत बसला होता. सत्यभामेनं हे नवऱ्याला तिथंच, पाहुण्यांच्या गर्दीत सांगितलं. जागेश्वरनं यादोरावकडं पाहिलं. त्याच्या अंगावर धावून जावं असं त्याला वाटलं नाही. यादोराव खोटं बोलला होता, पण चिखल ओढून तोंड बुजवणारे हात यादोरावचे नव्हते.

उन्हाळा लागला. सत्यभामा आणि रंभा आता फोनवर बोलतात. दोनचार दिवसांआड, कामं उरकली की सत्यभामा अंगणातल्या खाटेवर बसून फोन लावते. मशीनवर ती झबली शिवायला शिकते आहे, कुठं दोरा अडकला ते विचारते. तिकडून रंभेचा आवाज येतो, मधूनच हसणं येतं, आणि मागं बाळाचं रडणं. जागेश्वर गोठ्यात बैलांपुढं तणस टाकत असतो. टाकून झाली तरी तो तिथंच असतो.

एका संध्याकाळी सत्यभामेनं फोन त्याच्यापुढं धरला. घ्या, म्हणाली, बोला. त्यानं हात धोतराला पुसून फोन कानाला लावला. त्याच्याजवळ सांगण्यासारखं खूप साठलं होतं. तलावातला गाळ काढायला मशीन आली होती. मास्तरांचं घर पडलं होतं. मोहाखाली यंदा पुन्हा अस्वल दिसलं होतं, आणि हे दुसऱ्या कोणाला सांगून काही उपयोग नव्हता.



"जेवन झालं का?" रंभेनं विचारलं.

"झालं," तो म्हणाला.

खरं तर चूल अजून पेटायची होती. त्यानं आणखी थोडा वेळ फोन कानाला धरून ठेवला, आणि मग सत्यभामेच्या हातात दिला.